आधी कोण जाणार? – डेटाच्या महामार्गावरचे चौक

(मंडळाच्या गणेशोत्सवात बंगळुरूला झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अतिवेगवान डेटा नेटवर्कमधील स्विचिंगची रचना’ असा विषय छापला आहे. तो वाचून काही मंडळी आधीच दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलेली दिसतात. त्यांनी निर्धास्त असावं, समीकरणं नाहीत. या हॉलमध्ये निम्मे लोक तरी याच धंद्यातले आहेत आणि उरलेले निम्मे त्यांचे आई-वडील किंवा जोडीदार. पहिल्या निम्म्यांना मी फार नवं काही सांगेन असा माझा दावा नाही. पण आपली मुलं रात्री अकरा वाजता लॅपटॉपसमोर बसून नेमकी कशाशी झगडतात, हे दुसऱ्या निम्म्यांना आज कळलं तर मला समाधान वाटेल.

रस्ता की चौक?

बंगळुरूहून मुंबईला एक फोटो पाठवला की त्याचे बारीक तुकडे होतात. त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो आणि ती फायबरमधून प्रकाशाच्या रूपाने धावतात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद. शिवाय एकाच फायबरमध्ये निरनिराळ्या रंगांचे अनेक प्रवाह एकत्र सोडता येतात. थोडक्यात, रस्ता पुरेसा रुंद आहे आणि वेग भरपूर आहे. अडचण येते ती रस्ते जिथे मिळतात तिथे, म्हणजे चौकात. बॅकबोन नेटवर्कमधल्या या चौकाला राउटर किंवा स्विच म्हणतात.

पुण्याची विसर्जन मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता, सगळीकडून मंडळं येतात आणि अलका टॉकीजच्या चौकात एकत्र होतात. मिरवणूक २४ तासांच्या वर चालते ती रस्ते अरुंद आहेत एवढ्याच कारणाने नव्हे. चौकातून पुढे एका वेळी एकालाच जाता येतं, आणि आधी कोणी जायचं हे ठरवावं लागतं. मानाच्या पाच गणपतींचा क्रम ठरलेला आहे म्हणून निदान सुरुवात तरी सुरळीत होते. आजच्या व्याख्यानाचं सार एवढंच आहे: कोंडी रस्ता रुंद करून सुटत नाही, चौकाची रचना आणि चौकातला नियम बदलून सुटते.

टेलिफोनवाल्यांनी घातलेला पाया

हा प्रश्न इंटरनेटच्या आधीचा आहे. १८९१ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या अल्मन स्ट्रोजर नावाच्या गृहस्थाला आपोआप चालणाऱ्या टेलिफोन एक्स्चेंजचं पेटंट मिळालं. हे गृहस्थ इंजिनियर नव्हते, अंत्यसंस्काराची व्यवस्था करून देण्याचा त्यांचा व्यवसाय होता. असं सांगतात की प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरना आलेले फोन ती नवऱ्याकडे जोडून द्यायची. गोष्ट खरी असो की रचलेली, तिच्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा: जो जोडून देतो त्याच्या हातात सत्ता असते. शेवटी आपल्याला तिच्याकडे यायचं आहे.

पुढे क्रॉसबार आला. आडव्या पट्ट्या म्हणजे येणाऱ्या तारा, उभ्या पट्ट्या म्हणजे जाणाऱ्या, आणि प्रत्येक छेदावर एक खटका. कोणालाही कोणाशीही जोडता येतं, पण खटके किती लागतात पाहा. १,०२४ तारा आत आणि १,०२४ बाहेर असतील तर १०,४८,५७६ खटके. तारा दुप्पट केल्या की खटके चौपट.

१९५३ मध्ये बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉस यांनी यावर एक सुरेख तोड काढली. एक मोठी जाळी करण्याऐवजी छोट्या जाळ्यांच्या तीन फळ्या लावा. पहिल्या फळीतली प्रत्येक जाळी मधल्या फळीतल्या प्रत्येक जाळीला जोडा, आणि मधली प्रत्येक शेवटच्या फळीतल्या प्रत्येकीला. आता मधल्या जाळ्या किती हव्यात? समजा पहिल्या फळीतल्या एका जाळीत सहा तारा येतात. मला फोन करायचा आहे आणि माझ्या पाचही शेजाऱ्यांनी पाच वेगवेगळ्या मधल्या जाळ्या अडवल्या आहेत. पलीकडे, ज्याला फोन करायचा त्याच्याही पाच शेजाऱ्यांनी आणखी पाच अडवल्या आहेत. पाच आणि पाच दहा. अकरावी जाळी असली की माझा फोन लागणारच, वाईटात वाईट परिस्थितीतही. या हिशेबाने १,०२४ तारांना ३२-३२ चे गट करून १,९३,५३६ खटके पुरतात. साडेदहा लाखांच्या जागी दोन लाखांपेक्षा कमी. शाळेतल्या मुलालाही समजेल असा हा युक्तिवाद सत्तर वर्षांनंतरही या धंद्याचा कणा आहे.

आपल्याकडेही या क्षेत्रात काम झालं. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं आणि तिथे खेड्यांसाठी १२८ पोर्टांचं डिजिटल एक्स्चेंज तयार झालं. वातानुकूलनाशिवाय चालेल असं. १९८६ मध्ये ते आपल्या याच कर्नाटकात, राणी चन्नम्मांच्या कित्तूरला बसलं. डिजिटल एक्स्चेंजचं तत्त्व गमतीदार आहे. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे, ते मेमरीत एका क्रमाने लिहायचे आणि दुसऱ्या क्रमाने वाचायचे. क्रम बदलला की जोडणी झाली. खटक्यांची जागा मेमरीने घेतली.

पॅकेट आलं आणि वेळापत्रक गेलं

फोनच्या जगात एक सोय होती. बोलणं संपेपर्यंत तार तुमची, मध्ये कोणी घुसत नाही. पण संगणक माणसासारखे सलग बोलत नाहीत. क्षणभर धो धो बोलतात आणि मग गप्प. त्यांच्यासाठी तार अडवून ठेवणं म्हणजे एका प्रवाशासाठी अख्खी एसटी राखून ठेवणं. म्हणून अमेरिकेत पॉल बॅरन यांनी आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली: संदेशाचे तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता लिहा आणि जागा मिळेल तसे सोडा. १९६९ मध्ये आर्पानेट याच तत्त्वावर सुरू झालं. भारतात १९८६ पासून अर्नेटने शिक्षणसंस्थांना जोडायला सुरुवात केली आणि १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं.

तार वाया जाणं थांबलं, पण वेळापत्रक गेलं. कोणतं पॅकेट कुठल्या दारातून कधी येईल आणि कुठे जायचं म्हणेल, सांगता येत नाही. एकाच क्षणी चार दारांतून आलेल्या चार पॅकेटांना पाचव्याच दारातून बाहेर पडायचं असेल तर तिघांना थांबावंच लागतं. जगातली कुठलीही रचना हे टाळू शकत नाही. प्रश्न एवढाच की थांबायचं कुठे आणि किती.

सुरुवातीचे राउटर म्हणजे साधे संगणक होते. सगळे पोर्ट एकाच सामाईक वाहिनीला जोडलेले, आणि त्या वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचं. दारं वाढली, वेग वाढला, तशी ही रचना गुदमरली. दुसरा मार्ग सामाईक मेमरीचा: सगळ्यांनी आपली पॅकेटं एकाच कोठारात टाकायची आणि ज्याने त्याने उचलायची. ही रचना उत्तम, कारण जागा सगळ्यांची मिळून असते. पण प्रत्येक पॅकेट एकदा लिहावं आणि एकदा वाचावं लागतं. म्हणजे दहा गिगाबिटचे सोळा पोर्ट असतील तर मेमरी ३२० गिगाबिटच्या वेगाने चालायला हवी. फायबरचा वेग ज्या झपाट्याने वाढला त्या झपाट्याने मेमरी काही वेगवान झाली नाही. तरीही १९९८ मध्ये ज्युनिपरच्या एम-४० राउटरने कोठार निरनिराळ्या कार्डांवर विभागून हा मार्ग यशस्वी करून दाखवला. ज्युनिपरचे एक संस्थापक प्रदीप सिंधू हे आयआयटी कानपूरचे विद्यार्थी.

एक तिसरा मार्गही होता, त्याचं नाव बनियन. वडाला इंग्रजीत बनियन म्हणतात ते गुजराती ‘वाणिया’वरून, कारण वडाखाली बसून व्यवहार करणारे व्यापारी परदेशी लोकांनी पाहिले. आकृती वडाच्या फांद्या-पारंब्यांसारखी दिसते म्हणून १९७३ मध्ये या जाळीला ते नाव मिळालं. इथे प्रत्येक पॅकेट पत्त्यातला एकेक अंक वाचत शून्य असेल तर एका फांदीला, एक असेल तर दुसऱ्या फांदीला जातं आणि आपला रस्ता आपणच शोधतं. अडचण ही की दोन पॅकेटांना वेगळ्या दारी जायचं असूनही मधल्या फांदीवर त्यांची टक्कर होऊ शकते. त्यांना आधी पत्त्याच्या क्रमाने, मध्ये जागा न सोडता उभं केलं तर टक्कर होत नाही. शिस्तीची रांग आत जायच्या आधीच लावली की आत गोंधळ होत नाही!

रांगेच्या तोंडाशी अडलेला माणूस

आता मुख्य मुद्दा. बॅकबोनसाठी क्रॉसबार पुन्हा पुढे आला, कारण त्यात मेमरीवर ताण नाही. प्रत्येक दाराशी रांग लावायची आणि आळीपाळीने सोडायचं. दिसायला सोपं आहे, पण यात एक मेख आहे.

आपल्याच महाप्रसादाचं उदाहरण घेऊ. ताटं घेऊन एक रांग उभी आहे. समोर तीन टेबलं: पुरी, मसालेभात, जिलेबी. सगळ्यांत पुढच्या गृहस्थांना पुरीच हवी आहे आणि पुरी अजून कढईत आहे. त्यांच्या मागच्या पाच जणांना फक्त मसालेभात हवा. मसालेभाताच्या टेबलावरचा कार्यकर्ता डाव हातात घेऊन रिकामा उभा. पण रांग मोडायची नाही, म्हणून पाचही जण ताटकळतात. पुरी कमी पडली हे कारण नाही, रांग चुकीची लावली हे कारण आहे.

१९८७ मध्ये बेल लॅब्जच्या मार्क कॅरॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याचा गणिती हिशेब मांडला. पॅकेटं सगळ्या दारांकडे सारखीच विखुरलेली असली आणि दारं भरपूर असली, तर अशा एकेरी रांगांच्या स्विचमधून क्षमतेच्या फक्त ५८.६ टक्के माल बाहेर पडतो. म्हणजे शंभर रुपयांची यंत्रणा घेतली आणि एकेचाळीस रुपये रांगेच्या पद्धतीमुळे बुडाले.

उपाय तुम्हीही सुचवाल: पुरीवाल्यांची रांग वेगळी, भातवाल्यांची वेगळी. प्रत्येक येणाऱ्या दाराशी, जाणाऱ्या प्रत्येक दारासाठी स्वतंत्र रांग ठेवायची. ३२ दारांच्या स्विचमध्ये अशा १,०२४ रांगा झाल्या. आता कोणी कोणामुळे विनाकारण अडत नाही. पण नवाच प्रश्न उभा राहतो: दर फेरीत कोणत्या आतल्या दाराची जोडी कोणत्या बाहेरच्या दाराशी लावायची?

आपल्या मंडळाच्या वधू-वर मेळाव्याचं काम करणारे कार्यकर्ते आता हसताहेत. प्रश्न तोच आहे, फक्त त्यांना वर्षभर वेळ असतो. दहा गिगाबिटच्या दारावर ६४ बाइटचा एक तुकडा जायला सुमारे ५१ नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात प्रकाश फायबरमध्ये दहा मीटर जातो, म्हणजे या हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. तेवढ्यात सगळ्या जोड्या जुळवून मोकळं व्हायचं, आणि लगेच पुढची फेरी.

१९९६ मध्ये मॅकिओन, अनंतराम आणि वॉलरँड यांनी सिद्ध केलं की ज्या रांगा जास्त तुंबल्या आहेत त्यांना वजन देऊन सर्वोत्तम जोड्या लावल्या तर शंभर टक्के क्षमता वापरता येते. सिद्धान्त पक्का होता, पण त्याची आकडेमोड ५१ नॅनोसेकंदांत बसेना. मग निक मॅकिओन यांनी एक साधी पद्धत मांडली, तिचं नाव आय-स्लिप. तीन पायऱ्या आहेत: मागणी, परवानगी, स्वीकार. प्रत्येक दार आपला एक फिरता काटा ठेवतं. काट्यापासून सुरू करून जो पहिला मागणारा भेटेल त्याला परवानगी. आणि परवानगी स्वीकारली गेली तरच काटा त्याच्या पुढे सरकवायचा.

‘तरच’ या एका शब्दात सगळी करामत आहे. सुरुवातीला सगळे काटे एकाच जागी असतात. सगळी बाहेरची दारं एकालाच परवानगी देतात, तो एकीचाच स्वीकार करतो, बाकीच्या फुकट जातात. पण ज्याची परवानगी स्वीकारली गेली त्याचाच काटा पुढे जातो, म्हणून पुढच्या फेरीत काटे वेगळे होतात. काही फेऱ्यांत प्रत्येक काटा वेगळ्याकडे बोट दाखवू लागतो आणि मग कोणीही रिकामं राहत नाही. वर कोणी व्यवस्थापक नाही, कोणाला संपूर्ण चित्र माहीत नाही. ज्याची पाळी झाली तो मागे जातो, म्हणून कोणी उपाशीही राहत नाही. सिस्कोच्या १२००० मालिकेतल्या राउटरमध्ये हीच पद्धत वापरली गेली.

वधू-वरांची उपमा मी केवळ गमतीने दिली नाही. डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये ‘टिकाऊ विवाहजोड्या’ लावण्याची रीत गणिताने मांडली होती. १९९९ मध्ये चुआंग, आशिष गोयल, मॅकिओन आणि बालाजी प्रभाकर यांनी तीच रीत स्विचला लावली आणि दाखवून दिलं की आतली जाळी बाहेरच्या तारांच्या फक्त दुप्पट वेगाने चालली तर स्विच अगदी आदर्श स्विचसारखा वागतो. शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच जोड्या जुळवण्याच्या विचारासाठी.

जुनं ते पुन्हा नवं

एक पेटी पुरेना तेव्हा क्लॉस पुन्हा आठवले. २००८ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी साध्या, स्वस्त स्विचेसच्या फळ्या रचून महाकाय स्विच बनवण्याची योजना मांडली. २०१५ मध्ये गूगलने आपल्या डेटा सेंटरमधली दहा वर्षांची अशीच बांधणी जाहीर केली. टेलिफोनच्या तारांसाठी १९५३ मध्ये केलेला हिशेब आज तुमच्या प्रत्येक सर्चमागे उभा आहे. २०२२ मध्ये तर गूगलने हलत्या सूक्ष्म आरशांनी प्रकाशच वळवणारे स्विच वापरल्याचं सांगितलं, म्हणजे एका अर्थी जुना स्ट्रोजरच परत आला! त्याच वर्षी ५१.२ टेराबिट क्षमतेचे स्विच एका चिपवर आले. ८०० गिगाबिटच्या दारावर सगळ्यांत छोटं पॅकेट एका नॅनोसेकंदाच्या आत जातं. तेवढ्यात प्रकाश फायबरमध्ये एका वितीपेक्षाही कमी अंतर तोडतो.

आता थांबायच्या जागेबद्दल. मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, “अहो, एवढं सगळं आहे तर नातवाशी व्हिडिओवर बोलताना चित्र का गोठतं?” काकू, बहुतेक वेळा दोष बॅकबोनचा नसतो, घरातल्या वाय-फायचा किंवा शेवटच्या टप्प्याचा असतो. पण एक गोष्ट खरी की थांबायला जागा जास्त दिली म्हणजे सेवा सुधारते असं नाही. वर्षानुवर्षं समज होता की दहा गिगाबिटच्या तारेसाठी पाव सेकंदाचा माल मावेल एवढी मेमरी हवी, म्हणजे अडीच गिगाबिट. २००४ मध्ये अपेनझेलर, केस्लासी आणि मॅकिओन यांनी दाखवलं की त्या तारेवर ५०,००० संवाद चालू असतील तर दहा मेगाबिट पुरतात. कारण एवढे संवाद एकाच तालात चढ-उतार करत नाहीत. एकाचा चढ असतो तेव्हा दुसऱ्याचा उतार असतो. वेटिंग रूम मोठी केली की गाडी लवकर येत नाही, माणसं फक्त जास्त वेळ बसतात.

पाळी कोणाची, हे कोण ठरवणार?

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. आपल्यातल्या ज्येष्ठांना ट्रंक कॉल आठवत असेल. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. पैसे जास्त तर नंबर आधी. स्विचच्या फिरत्या काट्याला हे कळत नाही. कोट्यधीश कंपनीचं पॅकेट आणि एखाद्या तालुक्याच्या गावातल्या मुलीचा परीक्षेचा फॉर्म, दोघांची पाळी त्याच्या लेखी सारखी. पण तो नियम म्हणजे निसर्गाचा कायदा नव्हे. तो माणसांनी लिहिला आहे आणि चार ओळींत बदलता येतो. हव्या त्या रांगेला वजन देण्याची सोय प्रत्येक आधुनिक स्विचमध्ये आहे, आणि रुग्णवाहिकेला वाट द्यावी तशी ती काही कामांना हवीही असते. प्रश्न हा की रुग्णवाहिका कोणाला म्हणायचं, आणि ते कोणी ठरवायचं.

भारताने याचं उत्तर उघडपणे दिलं आहे. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने मजकुरावरून वेगवेगळे दर लावायला मनाई केली. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी स्वीकारल्या: कोणाचा मजकूर अडवायचा नाही, मुद्दाम मंदावायचा नाही, पैसे घेऊन पुढे काढायचा नाही. मात्र दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या विशेष सेवांना वेगळं ठेवलं. हा कायद्याचा कागद झाला. तो पाळला जातो की नाही हे त्या चौकात ठरतं, नॅनोसेकंदाच्या आत, जिथे कोणाचीही नजर पोचत नाही. फक्त तो चौक बांधणाऱ्याची पोचते. आणि तो चौक बांधणारे बरेच जण इथे याच हॉलमध्ये बसले आहेत.

म्हणून माझ्या तरुण मित्रांना एवढंच सांगणं आहे. रात्री अकराच्या कॉलवर कोणी तुम्हाला सांगेल, ‘या रांगेचं वजन जरा वाढव, त्या रांगेचं कमी कर,’ तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: का, आणि कोणासाठी? स्ट्रोजरच्या गोष्टीतली ऑपरेटर बाई आता राहिली नाही. तिच्या खुर्चीवर तुम्ही बसला आहात.

माझं बोलणं इथेच थांबवतो. पुरी तळून झाल्याचा निरोप आला आहे. रांग कशी लावायची हे कार्यकर्त्यांनी आता लक्षात ठेवावं, आणि मसालेभातवाल्यांनी पुरीवाल्यांच्या मागे उभं राहू नये!

गणपती बाप्पा मोरया.